तीन साक्षीदार बाटल्या

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, एकोणतीस वर्षे रोपांचे अन्न शिजवले. त्या कामाला होत्या त्या प्रयोगशाळेत कोंबाचा नखाएवढा तुकडा बाटलीत वाढवून त्यापासून रोपे तयार करीत. तेथे माती नसते. साखर, क्षार आणि अगर नावाची समुद्रशेवाळाची भुकटी पाण्यात शिजवून थिजवलेले माध्यम हीच त्या तुकड्याची जमीन. वन्सं ते मोजून ढवळीत, बाटल्यांत भरीत आणि दाबाच्या मोठ्या भांड्यात वीस मिनिटे वाफवीत. एक जंतू जरी जिवंत राहिला, तरी रोपाआधी तोच ते अन्न फस्त करतो.

प्रत्येक खेपेतील तीन बाटल्या त्या तुकडा न लावता आपल्या कपाटात ठेवीत. त्यांना त्या साक्षीदार म्हणत. "माणूस खोटं बोलेल, बाटली नाही बोलायची," असे त्यांचे म्हणणे असे.

मागील वर्षी एका जुन्या फुलझाडाचा शेवटचा कोंब तेथे आला. मूळ झाड वाळून गेले होते. कोंबाचे चाळीस तुकडे चाळीस बाटल्यांत लावले गेले. पाचव्या दिवशी एकतीस बाटल्यांत दुधाळ डाग उमटले.

सर्वांनी तुकडे लावणाऱ्या बाईंना धारेवर धरले. चिमटा सदैव हाती, म्हणून त्यांचे नाव चिमटाबाई पडले होते.

"तोंडाची पट्टी हनुवटीला बांधून गप्पा हाणल्या की हेच होणार!" बाटल्या धुणारी म्हणाली.

"अगं, तीन तास मी श्वाससुद्धा जपून घेतला. गप्पा कुठल्या?" चिमटाबाई रडकुंडीला आल्या.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

वन्संनी आपले कपाट उघडून पाहिले. त्या खेपेच्या तिन्ही साक्षीदारांत तसेच डाग होते. किल्ली त्यांच्याचजवळ असे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. कपाट पुन्हा लावले असते, तर कोणाला कानोकान खबर लागली नसती.

त्यांनी तिन्ही बाटल्या मोठ्या बाईंच्या मेजावर नेऊन ठेवल्या.

"यांत तुकडाच नाही, तरी नासल्या. चिमटाबाईचा हात स्वच्छ आहे. माझीच वाफ कमी पडली."

"इतक्या वर्षांत कधी नाही, ते आताच कसं?"

"दोन खेपांच्या बाटल्या एकदम खेटून भरल्या. मधल्यांना वाफ पोचली नाही. घाई होती."

"कसली घाई?"

"होती."

ती घाई माझ्या घरची होती. त्या दिवशी माझ्या यजमानांची शस्त्रक्रिया होती, आणि चारच्या ठोक्याला वन्सं भावाच्या उशाशी हजर होत्या. "बरं झालं बाई, लवकर सुटलात," असे मीच त्यांना म्हणाले होते.

चिमटाबाई कामावर राहिल्या. वन्संकडून दाबाचे भांडे काढून घेण्यात आले. शेवटचे आठ महिने त्यांनी बाटल्या धुतल्या. वाचलेल्या नऊ तुकड्यांपैकी दोनच रुजले. निरोपाच्या दिवशी त्यांतील एक रोप त्यांना देऊ केले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "नको. ते माझ्याच हातून मरता मरता वाचलंय."

यजमानांना वन्संनी यातले काहीच सांगितले नाही. मला ते चिमटाबाईंकडून कळले. सांगायला बसले की मी दुसराच विषय काढते, म्हणून यजमानांना वाचून दाखवण्यासाठी मी हे लिहून काढले आहे.