प्रथम वर्ष विरुद्ध चिटणीस सर

माणूस गेल्यावर त्याचे किस्से एकदम वाढतात, हे मला ह्यांच्यामुळे कळलं. भेटायला येणारे पाच मिनिटं खाली बघत बसायचे, चहा घ्यायचे आणि मग "वहिनी, ते तुम्हाला कुणी सांगितलं का?" म्हणून सुरू व्हायचे. हे उज्जैनला विद्यापीठाच्या विधी विभागात करार कायदा शिकवायचे. घरी विभागाबद्दल फारसं बोलत नसत. तेरा दिवसांत मला अठरा वर्षांचा इतिहास समजला. काही किस्से दोनदा ऐकले, दोन्ही वेळा वेगळे. त्यांतले हे बरे.

*

शेजारच्या वर्गात व्यास सर. ते शिकवत नसत, लिहून देत. "कॉमा" आणि "नया पैराग्राफ" यांच्यासकट. विद्यार्थी खूश, कारण पेपरात तेच यायचं.

एकदा त्यांच्या वहीचं एक पान हरवलं. सर वाक्याच्या मध्येच थांबले. पहिल्या बाकावरचा एकजण उभा राहिला. "सर, पापा की कॉपी ले आऊँ?"

त्याचे वडीलही व्यास सरांचेच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी वडिलांची वही आली आणि तास आदल्या दिवशीच्या स्वल्पविरामापासून पुढे सुरू झाला.

*

ह्यांचं उलट. नोट्स नाहीत, नुसते प्रश्न. "देवास गेट से टेम्पो में बैठे. न आप कुछ बोले, न ड्राइवर. करार हुआ कि नहीं?"

यावर अख्खा तास वाद. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "सर, इम्तिहान में आएगा?"

"नहीं."

पेनांना टोपणं लावल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला म्हणे.

एकाने मात्र मनावर घेतलं. टेम्पोवाल्याने त्याला टावर चौकाऐवजी पुलापाशीच उतरवलं, तेव्हा त्याने न बोलता झालेल्या कराराबद्दल टेम्पोवाल्याला सगळं समजावून सांगितलं. टेम्पोवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"भैया, ये किसने पढ़ाया?"

"चिटणीस सर ने."

"तो आगे उन्हीं के साथ चले जाना."

पोराने दुसऱ्या दिवशी तक्रार केली. हे खूश झाले. "अच्छा, तो उसने करार तोड़ा, या नया प्रस्ताव रखा?" तोही तास गेला.

*

देशात तेव्हा सगळं खुलं होत होतं. फ्रीगंजच्या बाजारात कोल्ड्रिंकच्या नव्या पाट्या लागल्या, आणि विभागाचे हेडसाहेब भोपाळच्या सेमिनारहून एक नवा विचार घेऊन आले. मीटिंगमध्ये म्हणाले, "अब विद्यार्थी विद्यार्थी नहीं, ग्राहक है."

चहा देत असलेला शिपाई बाबूलाल म्हणाला, "तो साहब, माल पसंद न आए तो बदल के देंगे?"

हेडसाहेब हसले नाहीत, कारण बेत तोच होता. प्रत्येक शिक्षकाबद्दल मुलांनी फॉर्म भरायचा आणि ज्याचा नंबर शेवटचा, त्याचा विषय दुसऱ्याला. शेवटचा नंबर कुणाचा आणि करार कायदा कुणाकडे जाणार, याबद्दल विभागात दुमत नव्हतं.

एवढीच गोष्ट ह्यांनी घरी सांगितली. जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी बहुतेक माझ्याकडे करार नसेल."

मी म्हटलं, "मग द्या की नोट्स."

ते पानातली भाजी संपवून उठले.

*

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. पण ही कायद्याची मुलं. "बिना दस्तखत का कागज़ कोर्ट में नहीं चलता," असं म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. दोघांनी तर साक्षीदारांच्याही घेतल्या. हेडसाहेबांनी गठ्ठा रद्द करून नवे फॉर्म काढले.

या वेळी व्यास सरांच्या वर्गात फॉर्म वाटले. सगळी पेनं तयार, सगळे सरांकडे बघताहेत. सरांच्याही तोंडून सवयीने निघालं, "प्रश्न एक. उत्तम. प्रश्न दो. अति उत्तम..."

सगळे फॉर्म एकसारखे निघाले. सुचवण्यांच्या रकान्यात तिघांनी लिहिलं होतं, "नया पैराग्राफ".

*

ह्यांनी आपल्या वर्गात फॉर्म वाटले आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. परत आले तर फॉर्म कोरे, आणि टेबलावर एक अर्ज. आपणच शिकवलं आहे की समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही, तरी सोमवारी संध्याकाळी सहा वाजता हजर राहून आपण नोट्स का देत नाही याचं कारण सांगावं.

रविवारी ह्यांनी वकिलीच्या दिवसांतला काळा कोट काढून उन्हात टाकला. मी विचारलं, तर म्हणाले, "उद्या तारीख आहे."

न्यायासनावर तीन विद्यार्थी. हे तासभर बोलले म्हणे, आणि चांगलं बोलले. मग सुनीता राठौरने विचारलं. ती दिवसभर टेलिफोन ऑफिसात नोकरी करायची, घरी लहान मूल. तिघांतली ती एक.

"जो नौकरी करके पढ़ रहा है, वो क्या करे, सर? मेरे पास सोचने का टाइम कब है?"

हे म्हणाले, "इसका पूरा जवाब मेरे पास नहीं है."

निकाल दोन विरुद्ध एक, ह्यांच्या बाजूने. विरोधातलं मत सुनीताचं. हे तिला म्हणाले, "खिलाफ़ फैसला दिया है तो कारण लिखकर दीजिए."

असल्या निकालासाठी हेडसाहेबांच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्यांनी तो फाईलला लावला आणि नव्या टाईमटेबलात करार कायद्यापुढे ह्यांचंच नाव राहिलं. दिवाळीपर्यंत ह्यांनी तो शिकवला.

*

शेवटचा किस्सा मला कुणी सांगितलेला नाही. तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी सुनीता आली. चहा नको म्हणाली, ऑफिसातून मधल्या सुट्टीत आली होती. पिशवीतून कागद काढून तिने माझ्या हातात दिले. बावीस पानं, हाताने लिहिलेली, समास आखलेला.

"मैडम, सर ने कारण माँगे थे. देर हो गई."

मी चाळून पाहिलं. ह्यांचा एकेक मुद्दा वर मांडला होता आणि खाली खोडून काढला होता. दोन ठिकाणी तिने स्वतःचंच म्हणणं काट मारून पुन्हा लिहिलं होतं.

मी विचारलं, "इतना सोचा, तो अब राय बदल गई होगी?"

"नहीं मैडम," ती म्हणाली. "सर को नोट्स देने चाहिए थे."