संथ रक्ताचे अकरा दिवस

माझी थोरली उस्मानाबादच्या दवाखान्यात जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी मला सोडून सोलापूरला गेली. पोट फाडून बाळंतपण झालं होतं, रक्त फार गेलं होतं, मला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. सकाळी नर्सबाईंनी लेकराला पुसायला उघडं केलं, तर अंगभर मोहरीएवढे लाल ठिपके. डोक्यावर एका बाजूला मऊ फुगवटा. नाळेपाशी रक्त झिरपत होतं आणि बोळा दाबून धरला तरी थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सोलापूरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं न्या. आत्ताच."

माझे यजमान सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात कामाला होते. संघाची गाडी सोलापूरला निघण्याच्या बेतात होती. तिच्यात ड्रायव्हरशेजारी माझी नणंद लेकराला पदराखाली घेऊन बसली. वन्सं ह्यांच्याहून थोरल्या, नवऱ्यानं टाकलेल्या. मूलबाळ नव्हतं. मुरूमच्या बालवाडीत शिकवायच्या आणि माझ्या बाळंतपणासाठी म्हणून रजा काढून आल्या होत्या. निघताना खाटेपाशी येऊन म्हणाल्या, "वैनी, तोंड बघून घ्या."

मी बघितलं, पण डोळे पाण्यानं भरलेले. दुपट्यातून बाहेर आलेला एक पाय तेवढा दिसला.

त्यांच्यासोबत गेलेले हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. स्टूल खाटेजवळ ओढून बसले. मग विचारलं, "बाळंतपणाच्या आधी डोकं दुखतंय म्हणून गोळ्या खाल्ल्या व्हत्यास का?"

खाल्ल्या होत्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडचा आड पार आटला होता. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिले की कपाळ ठणकायचं. किराणा दुकानात पांढऱ्या गोळ्या सुट्या मिळायच्या. शेवटच्या आठवड्यात तर रोज दोन घेत होते.

"त्या गोळीनं झालंय," हे म्हणाले. माझ्या तोंडाकडं बघून लगेच पुढं म्हणाले, "पण डॉक्टरांनी सांगितलंय, बाईला बोल लावू नका. शिकलेल्यांनाबी हे ठाऊक नसतं."

त्यांनी बोल लावला नाही. मीच लावून घेतला.

डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. गोळीचा परिणाम झालेल्या रक्तातल्या पेशी जाऊन नव्या तयार व्हायला तेवढे लागतात. तोवर जपायचं, टोचाटोची कमीत कमी करायची आणि आईचं दूध द्यायचं. दूध माझ्याकडं आणि लेकरू तिकडं. मग ह्यांनीच वाट काढली. नर्सबाई सकाळी उकळलेली बाटली आणून द्यायच्या, मी दूध पिळून द्यायची. केंद्रातला बर्फ थर्मासमध्ये घालून त्यात बाटली ठेवायची आणि थर्मास दूधगाडीतून सोलापूरला जायचा. हजारो लिटर दुधाबरोबर माझं वाटीभर दूध. दुपारी रिकामा थर्मास परत यायचा, सोबत ड्रायव्हरच्या तोंडी निरोप. "पोरगी बरी हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बरी हाय." एवढ्यानं माझं काय भागणार?

चौथ्या दिवशी दूध येईना. नुसती छाती दगडासारखी. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, वन्संना सांगा, तिचं टोपडं धाडा. धुऊ नका म्हणावं."

दुसऱ्या दिवशी थर्मासमधून टोपडं आलं. मी ते नाकाशी धरलं आणि चोळी भिजली. त्या दिवसापासून रोज टोपडं यायचं, आदल्या दिवशीचं परत जायचं.

अकराव्या दिवशी वन्सं लेकराला घेऊन आल्या. ठिपके मावळले होते, फुगवटा जवळजवळ बसला होता. त्या भरभर सांगत होत्या. डॉक्टर टाचेला बारीक टोचायचे, घड्याळाकडं बघत दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद लावायचे. पहिल्यांदा कागदावर ठिपक्यांची रांगच्या रांग उमटली. काल चौथ्या ठिपक्याला रक्त थांबलं.

मी हात पुढं केले. लेकरू माझ्या मांडीवर आलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. पाजायला घेतलं तर तोंड फिरवलं. वन्संनी नुसतं "आलं गं माझं" म्हटलं आणि ते गप्प झालं. त्या ओशाळल्या. "सवयीनं आलं तोंडातून, वैनी," म्हणाल्या आणि पाणी आणायचं निमित्त काढून बाहेर गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. दोन दिवसांत पोरगी मला रुळली. तिसऱ्या दिवशी त्या मुरूमच्या एसटीत बसल्या.

महिन्याभरानं तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला नीट समजावलं. "रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. मोठ्या माणसाच्या, जखम झाली की धावत येऊन एकमेकींना चिकटतात. नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या संथ. मोजल्या तर पुरेशा भरतात, पण हाकेला ओ उशिरा देतात. तरी लेकरांचं रक्त वाहत राहत नाही, कारण त्या पेशींना चिकटवून धरणारं दुसरं सत्त्व त्या रक्तात जास्त असतं. निसर्गानं तोल सांभाळलेला असतो. तुमच्या गोळीनं तो तेवढा बिघडला."

पोरगी धडधाकट वाढली, शिकली, लग्न होऊन दूर गेली. मला मात्र ते अकरा दिवस कधी मिळाले नाहीत. वन्सं भेटल्या की मी विचारायची, "झोपेत हसायची का? पहिल्यांदा डोळे नीट कधी उघडले?" त्या न कंटाळता सांगायच्या, दर वेळी एखादी नवी गोष्ट निघायची. शिंक आली की स्वतःच दचकायची. पंख्याकडं टक लावून बघायची. मी अधाशासारखी ऐकायची आणि मनात त्यांचा हेवा करायची. त्याही हेवाच करत असणार, हे मला फार उशिरा उमगलं.

दोन वर्षांमागं वन्सं गेल्या. लेकीचा फोन येतो, ती आपल्या पोरांचं सांगते, मी ऐकते. मध्येच मनात येतं, सातव्या दिवशी काय झालं होतं, ते विचारायचं राहिलंच.