हेमांगी गाडीत बसली

दवनीवाड्यात आजवर अशी एकही गोष्ट घडलेली नाही, जी करणाऱ्याच्या आधी माझ्या मामीला कळली नव्हती. हे मी भाच्याच्या कौतुकाने म्हणत नाही. मी स्वतः अनेकदा पकडला गेलो आहे. गोंदियाहून एसटीने येऊन अंगणात पाय ठेवावा, तर हातातलं सूप खाली न ठेवताच ती म्हणायची, "खिडकीपाशी बसून आला, स्टँडवर समोसे खाल्ले, अन् आता म्हणशील भूक नाही. पाय धू." बाहीवरची धूळ आणि शर्टावरचा चटणीचा थेंब तिने केव्हाच टिपलेला असे. मला मात्र तो डाग परत घरी गेल्यावर आईच्या ओरडण्यातूनच कळत असे.

याचं मूळ एका पुस्तकात होतं. लग्नात माहेरून तिने जे काही आणलं, त्यात पिवळ्या पडलेल्या कागदाची एक रहस्यकथा होती. कव्हर गेलेलं, आणि त्याच्यासोबत लेखकाचं नावही गेलेलं. त्यात एक नामांकित गुप्तहेर जमीनदाराच्या घरचा हार शोधायला येतो आणि हेमांगी नावाच्या शाळामास्तरणीवर संशय घेतो. हेमांगी त्याच्या आधी चोर शोधून काढते, चोराला पोलीस ठाण्यात बसवते आणि रेल्वेत बसून निघून जाते. गुप्तहेर फलाटावर उभा, पुस्तक संपलं. दरवर्षी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली की ते एकदा वाचायचं, हा मामीचा नेम होता. मोबाइल आल्यावर ती हेरांच्या मालिकाही पाहू लागली आणि तिच्या रागाला नवं खाद्य मिळालं. "बाई हुशार निघाली का ह्यायले घाम फुटते," ती शेंगा सोलता सोलता म्हणायची. "मंग तिले रडवतेत, नाही तं हेराच्या गळ्यात बांधतेत. एकीले तरी जिंकून घरी जाऊ द्या ना."

स्वतःच्या तपासात मात्र ती फार मऊ होती. एकदा शेजाऱ्याच्या शेतातल्या बांधीतून धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या चोरीला गेल्या. मामीने मागे पडलेल्या एका पेंडीची गाठ पाहिली. ती उलटी होती, म्हणजे बांधणारा डावखुरा. गावात डावखुरा एकच. पण ती चावडीवर गेली नाही. त्याच्या घरी जाऊन तिने चहा घेतला, त्याच्या बायकोला वाटीभर लोणचं दिलं आणि निघताना म्हणाली, "भाऊ, पऱ्हे उरले असतीन तं सकाळी जागच्या जागी ठेवून दे." सकाळी पेंड्या परत आल्या होत्या. नाव तिने मलाही सांगितलं नाही.

अशी बाई एकदाच उघडी पडली, तीही त्या पुस्तकापायी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. पुरुषांची कामं गावातलेच करतात. नायिका बाहेरगावाहून येते, आणि तीही नाटकाच्याच दिवशी. महिनाभर आधी तिला तिच्या भाषणांची वही पाठवायची. त्या वहीला नक्कल म्हणतात. तिने ती पाठ करून यायचं, दुपारी एक तालीम, की झालं. त्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी मामीचं पुस्तक मागून नेऊन त्याचं नाटक केलं. गुप्तहेर माझे मामा. पण गुरुजींच्या नाटकात शेवटी हेमांगी गाडीतून खाली उतरते, गुप्तहेराच्या पायांवर डोकं ठेवते आणि दोघांचं लग्न होतं. मामीने विरोध केला. गुरुजी म्हणाले, "काकू, लग्न नसलं तं लोकं खुर्च्या फेकतीन." मामी गप्प बसली, आणि अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांच्या नकला लिहून द्यायचं कामही तिने घेतलं. ती गप्प बसली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तालमीला मी पडद्याआड गुरुजींची मूळ वही घेऊन प्रॉम्प्टर होतो. शेवटचा प्रवेश आला. मामा पाय पुढे करून उभे राहिले. नायिका म्हणाली, "तुमचा चोर ठाण्यात आहे. माझी गाडी आली." आणि बॅग उचलून चालू लागली.

"अवं बाई, कुठं जाऊन राह्यली? पाया पड," गुरुजी ओरडले.

"माझ्या नकलेत पाया पडणं नाही," ती म्हणाली आणि वही उघडून दाखवली. अक्षर सगळ्यांनी ओळखलं. मामी नटमंडळींच्या जेवणासाठी भाजी चिरत तिथेच बसली होती. तिचा हात थांबला.

"काकू, आत्ताच्या आत्ता जुनं लिहून द्या, नाही तं मी नाटकच बंद करतो," गुरुजी म्हणाले. मामी उठून उभी राहिली. 

तेव्हा मामा म्हणाले, "गुरुजी, माह्या नकलेत बी असंच हाये. महिनाभर हेच पाठ करून राह्यलो मी. आता नवीन काही डोक्यात बसत नाही."

"दाखवा नक्कल."

"घरी राह्यली."

नक्कल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, माझ्या डोळ्यांसमोर. आणि तिच्यात काय होतं हेही मला ठाऊक होतं, कारण महिनाभर दर रविवारी येऊन त्यांची भाषणं मीच ऐकून घेत होतो. "ऊठ हेमांगी, तुझी जागा माझ्या हृदयात आहे," हे वाक्य त्यांनी गोठ्यात इतक्यांदा म्हटलं होतं की म्हशी बिचकायच्या. मामीने फक्त नायिकेची नक्कल बदलली होती. नवऱ्याच्या नकलेला हात लावला नव्हता. त्यामुळे मामा धडधडीत खोटं बोलत आहेत, हे तिला माझ्याआधी कळलं. ती खाली बसली आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

प्रयोगात कोणी खुर्ची फेकली नाही. हेमांगी निघून गेल्यावर मामा रिकाम्या फलाटावर उभे राहून कुठल्याच वहीत नसलेलं वाक्य बोलले, "गेली. माह्यापेक्षा हुशार होती." बायकांच्या बाजूने आधी टाळ्या आल्या.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा रोवणीनंतर गेलो, तर मामी चष्मा लावून तेच पुस्तक वाचत होती. इतक्या वर्षांनी मी तिला विचारलं, "मामांची नक्कल काऊन नव्हती बदलली?"

"सांगतलं असतं तं थे नाही म्हणतीन, असं वाटलं मले," ती म्हणाली. गावातल्या प्रत्येकाचं मन ओळखणाऱ्या बाईने हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग पुस्तक मिटून ती म्हणाली, "लग्न झाल्यावर मास्तरकीचं शिकाचं होतं मले. तेव्हा बी असंच वाटलं होतं. कधी इचारलंच नाही."