मांजरपाटाची दोन पोलकी

शांते, मी जानेफळहून निघाले तेव्हा तू, माझी लहानपणची मैत्रीण, स्टँडवर हुंदके देत उभी होतीस आणि मला मात्र एसटीत खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू! महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. बा भेटेल त्याला सांगत होता, "जावई पुण्याकडं कारखान्यात हाये. कायम हाये." त्या 'कायम'वर त्याचा भारी जोर. शेतीत कशालाच कायम म्हणता येत नाही, म्हणून असेल. गाडी हलली तेव्हा मायनं माझा बाहेर आलेला पदर खिडकीतून आत सारला, तेवढंच.

पिंपरीत आल्यावर आठ दिवसांत कळलं, की आमचे हे कायम नाहीत, बदली आहेत. म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर डबा तसाच परत. विचारलं, तर खाली मान घालून म्हणाले, "खरं सांगतलं असतं तं तुह्या बानं पोरगी देली नसती." आपल्याकडच्याच सुलतानपूरचा माणूस, लबाडीही धड करता येत नाही. मला राग आला, पण राग धरायलाही अंगात ताकद लागते. दोन जिने पाणी चढवून माझी ताकद सकाळीच संपायची.

त्यात दिवस गेले. चोळ्या अंगाला होईनात. शेजारी साताऱ्याकडच्या मालनकाकू राहायच्या, त्यांच्याकडे शिलाईचं मशीन. माझ्या 'मले-तुले'ला त्या पोट धरून हसायच्या, पण बाई मनाची मोठी. एक दिवस त्यांनी जाड्याभरड्या मांजरपाटाची दोन पोलकी शिवून आणली. पांढरी, ढगळ, पुढून उघडणारी. "पोट वाढलं तरी चालतील, पुढं बाळाला पाजायलाही बरी," म्हणाल्या. घालून आरशात पाहिलं, तर दवाखान्यातली आयाबाई उभी!

घरात घालायला ती ठीक होती. पण सातव्यात दादा मला न्यायला येणार होता. आठव्यात प्रवास करायचा नाही, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. आणि आपल्याकडच्या बाया तुला ठाऊक आहेत. त्या आधी कापड चिमटीत धरून बघतात, मग माणसाच्या तोंडाकडे. कायम नोकरीवाल्याची बायको मांजरपाटात आली, हे दुपारपर्यंत बाच्या कानावर गेलं असतं. आणि बानं मला परत धाडलं नसतं. हे मला हवं होतं की नको होतं, ते तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं.

म्हणून मग मी ती पोलकी सजवायला घेतली. विकतचा रेशीमदोरा आणायची सोय नव्हती. मायनं लग्नात दिलेलं लुगडं रोज नेसून नेसून मध्येच विरलं होतं, काठ मात्र चांगले होते. त्या काठांचे लाल-पिवळे दोरे मी एकेक करून उसवून काढले. दिवसाला जेमतेम मूठभर निघायचे. बांगडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढले, त्यात फुलं भरली. गळ्याला साखळीटाका. बाहीवर राघू काढायला गेले, त्याची कोंबडी झाली! तेच उसवून पुन्हा वेल काढली. कंबर धरायची, पाय सुजायचे, तरी सुई सोडली नाही. मालनकाकू म्हणाल्या, "अगं, नटायला चाललीस की बाळंतपणाला?" मी आपली हसले.

डाव साधला. जानेफळात बायांनी पोलकं चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "पाह्य वं माय, पुण्याची फ्याशन!" बानं तर शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी मायनं ते धुवायला घेतलं आणि दगडावर ठेवून उलटं केलं. आतल्या गाठी पाहिल्या, दोरा बोटावर घेऊन उन्हात धरला. ते लुगडं तिनं चिखलीच्या बाजारात अख्खी दुपार घालवून निवडलेलं. तो रंग ती कशी विसरेल? "लुगडं फाटलं का वं?" एवढंच तिनं विचारलं आणि माझा बांध फुटला. गेट, बदली, परत आलेले डबे, सगळं तिथंच मोरीपाशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाले आता काही सांगू नोको." आणि पोलकं पिळून वाळत घातलं.

मुलगी झाली. तीन महिने झाले. जायच्या आदल्या दिवशी माय माझी ट्रंक भरत होती. भरता भरता थांबली. "राह्यतं का वं इथंच? बाले मी सांगन. तुम्हा मायलेकीले भाकर कमी नाही."

शांते, पिंपरीत पाण्याची बादली घेऊन जिना चढताना मी रोज हेच ऐकायची वाट पाहायचे. कुणीतरी म्हणावं, राहा. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही माय. आता घरी जाऊ दे मले."

जिथं जन्मले, त्या जमिनीवर बसून मी भाड्याच्या खोलीला घर म्हटलं. ती गेटवर ताटकळणाऱ्या माणसाची खोली. माझं मलाच नवल वाटलं. मायचा हात ट्रंकेत तसाच राहिला. मग ती म्हणाली, "हाव. मंग घरी जाय." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

पुढं हे कायम झाले, पोरं शिकली, पिंपरीतच दोन खोल्या झाल्या. मी थकते, पण ते वयानं. एक गोष्ट मात्र इतकी वर्षं तुला विचारायची राहून गेली. मायची पत्रं तूच लिहायचीस. ती बोलायची, तू लिहायचीस. माझ्या लग्नानंतर प्रत्येक पत्रात शेवटी असायचं, 'घरी ये'. मी मुलीला घेऊन निघाले, त्यानंतरच्या एकाही पत्रात ते नाही. सगळ्या पत्रांत 'गावाले येऊन जाजो'. मी सगळी काढून पाहिली. तो बदल तुझा नसणार, हे मला माहीत आहे. पण ती असं सांगायला लागली, तेव्हा तू तिला एकदा तरी विचारलंस का गं, काऊन म्हणून?