सात मण्यांचं विरजण

गल्लीत त्यांना सगळे मुरवणकाका म्हणत, आणि काकांनाही त्यात काही गैर वाटत नसे. ते काचेचे नवे मणी किलोवर आणत आणि महिन्याभरात ते तीनशे वर्षांचे करून देत. समोरचा शिंपी म्हणायचा, "माणसं तरुण दिसायला पैसे मोजतात, आणि आमच्या काकांकडे काच म्हातारी व्हायला येते."

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. एका कोपऱ्यात चहाच्या चोथ्याचं पाणी, दुसऱ्यात राखेचा डबा, मधे आढ्याला टांगलेली कातडी पिशवी. पिशवीत मणी, वाळू आणि थोडं तेल घालायचं आणि पायाने दोरी ओढत ती दिवसभर झुलवायची. चकाकी जाते, कडा बोथट होतात, मण्याच्या अंगावर मऊ साय धरते. मग एकेक मणी वाळू लावलेल्या दोऱ्यावर ओढून त्याचं भोक झिजवायचं, तेही एकाच बाजूने. पिढ्यान् पिढ्या गळ्यात लोंबलेल्या मण्याचं भोक सगळीकडून सारखं झिजत नाही; वजन पडतं तिकडेच दोरा खातो. हे दुसऱ्या कुणा मुरवणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. काकांचा माल घेणारा दुकानदार भिंग लावून नेमकं तेच बघे आणि मान डोलावे. गिऱ्हाइकाला सांगे, हे मणी जहाजाने आले, मूठभर मण्यांना तेव्हा सोनं मिळायचं, हस्तिदंत मिळायचा. माणसंही मिळायची, हे मात्र तो गिळून टाके.

ते काकांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या पणजीची आजी आठ वर्षांची असताना तिच्या सख्ख्या चुलत्याने तिला बंदरावर सात मण्यांना विकलं होतं. निळे, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचे, बोराएवढे सात मणी. म्हातारपणी चुलत्याला मरण दिसायला लागलं, तसा त्याला पाझर फुटला. त्याने मणी तिच्याकडे परत पाठवले. पोरगी काही परत येणार नव्हती. तिची तोवर नातवंडं झाली होती. तेव्हापासून ती माळ आईकडून लेकीकडे येत गेली. "ही आपली किंमत आहे," आई सांगायची, "परत मिळालेली. पुन्हा कुणाच्या हातात जायची नाही." सांगताना ती एकेक मणी खालच्या ओठावर घासून बघे, तो तिचा चाळाच होता. आता ती नव्वदीला आली होती, डोळे गेले होते. हल्ली गरम कप दोन्ही हातांत धरून बसली तरी तिला चटका लागत नसे. काकांना वाटे, जुनं हाड आहे, सोसतं.

भोकाची ती खूण काकांनी या माळेवरूनच उचलली होती. तेवढ्यावर थांबते तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात दुकानदाराने एक घाणा परत पाठवला. "हाताला कोवळे लागतात," म्हणाला. मुरवणाऱ्यांत एक जुनी समजूत आहे: नव्या मण्यांत थोडे खरे जुने घातले की नवे लवकर मुरतात, दुधाला विरजण लावावं तसं. खरं-खोटं देव जाणे. काकांनी आईच्या उशाखालची माळ उचलली, ती पक्क्या नायलॉनच्या दोरीत ओवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि परत आलेल्या घाण्यातल्या, भोकं आधीच झिजवलेल्या, हुबेहूब तशाच पट्ट्यांच्या पन्नास नव्या मण्यांबरोबर पिशवीत सोडली. तीन आठवडे पिशवी झुलली. उघडली तेव्हा आत दोरीचा चोथा होता आणि सत्तावन्न मणी होते. वाळू काय काय खाते, यावरच ज्याने आयुष्यभर पोट भरलं, त्या शहाण्याला हे आधी सुचलं नाही.

चार दिवस काका भिंगाला डोळा लावून बसले. वजन केलं, पाण्यात घालून बघितलं, उजेडात धरलं. सगळ्यांवर तीच साय. सगळ्यांची भोकं एकाच बाजूने झिजलेली. आयुष्यात इतका सुरेख घाणा त्यांच्या हातून उतरला नव्हता, आणि तो बघून त्यांना स्वतःचे हात तोडावेसे वाटले.

पाचव्या दिवशी ताई आली. थोरली बहीण ती. माळ तिच्या लेकीला जायची होती, आणि ती घ्यायलाच ताई आली होती. काकांनी मागच्या खोलीत नेऊन तिला सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"विकून खाल्ली असतीस तरी चाललं असतं रे. कुठेतरी आहे, असं तरी म्हटलं असतं."

"ताई, आई ओळखेल," काका म्हणाले. "तिला फक्त हातात देऊ. ती मला काय बोलायचं ते बोलू दे."

खरं तर त्यांना तेच हवं होतं. आईने मणी चाचपावा आणि म्हणावं, हे काय दिलंस, मेल्या?

काकांनी सत्तावन्न मण्यांचं ताट आईच्या मांडीवर ठेवलं. आईने एक मणी उचलला, बोटांत फिरवला, ओठावर घासला.

"हा आपला."

काकांनी तो मणी वाटीत वेगळा ठेवला. आईने दुसरा घेतला.

"हाही आपला."

तिसरा आपला. चौथा, पाचवाही. आठवा मणी वाटीत पडला तेव्हा ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. काका उठले, मागे गेले आणि किलोच्या पुड्यातला एक कोरा मणी घेऊन आले; वाळू न लागलेला, गुळगुळीत, भोकाची कड अजून बोचणारी. तो त्यांनी स्वतः आईच्या बोटांत दिला.

आईने तो ओठावर घासला, बराच वेळ.

"आपलाच की," ती म्हणाली. "बघ, कसा झिजलाय. सात आहेत ना रे? मोज आणि ओवून दे ताईला."

आता जगात कुणालाच ते खरे सात ओळखता येणार नव्हते. काकांनी हाताला आले ते सात मणी मोजले आणि ओवले. गाठ नेहमीसारखी नीट बसली.

"आहेत, आई. सात."

ताईने माळ घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक मणी फिरवून बघितला.

"कुणालाही खरी वाटेल," ती म्हणाली.