खालच्या काकांचं गुणदान

बहारीनमधल्या मराठी मुलांचा मराठी लिहिण्यातला उत्साह मारायचं जे काम इथल्या इंग्रजी शाळांना एवढ्या वर्षांत जमलं नाही, ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकट्याने, तेही फुकट करून दाखवलं, असं तमाम पालकांचं एकमुखी मत होतं. काका मूळचे अकोल्याकडचे. गुदैबियात आमच्याच इमारतीत राहत आणि सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे जोड तपासत. आठवडाभर लोखंडातल्या चुका काढून मन भरत नसावं, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी ते इथल्या मराठी मंडळाच्या वर्गात मुलांचे निबंध तपासायला येत.

त्यांचा मुख्य दोष म्हणजे ते निबंध वाचत. परीक्षकाने अक्षर बघावं, पानं मोजावीत, मुलाचे वडील मंडळात कोण आहेत ते आठवावं आणि गुण द्यावेत, ही सोपी पद्धत त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. ते समासात प्रश्न विचारत. एका मुलाने लिहिलं, 'माझी आई फार प्रेमळ आहे.' काकांनी शेजारी लिहिलं, 'कशावरून?' वही त्या आईच्या हाती पडली आणि त्या घरून काकांकडे येणारा दिवाळीचा फराळ कायमचा बंद झाला. "मी आईवर शंका नाही घेतली बाप्पा, वाक्यावर घेतली," ते कळवळून सांगत. शुद्धलेखनाबाबत मात्र ते अगदी उदार. "वेलांटी चुकली तं सुधरते. न पाहिलेलं लिहिलं तं काय सुधरवाचं?"

गेल्या वर्षी मंडळाने निबंधस्पर्धा ठेवली. विषय, 'माझे गाव'. तेवीस निबंध आले. जवळजवळ सगळ्यांची गावं निसर्गरम्य, प्रत्येक गावात झुळझुळ वाहणारी नदी आणि साधीभोळी माणसं. एकाचं गाव डोंबिवली होतं, तिथेही नदी झुळझुळत होती. काकांनी बावीस जणांना शून्य दिलं. त्यात माझी मुलगी सईही होती. मी तावातावाने खाली गेलो.

"काका, चार पानं लिहिलीत पोरीनं!"

"पोरीनं?" काकांनी वही उघडली. "भाऊ, 'सोनेरी किरणांची उधळण' असं सई घरी बोलते का?"

घरी सई 'बाबा, मिल्क मफी' असं बोलते. दूध संपलं, एवढाच त्याचा अर्थ. उधळण मी सांगितली होती. मी आल्या पावली वर गेलो.

दहापैकी दहा मिळाले ते इथल्याच मआमीरला राहणाऱ्या एका ड्रायव्हरच्या मुलीला. तिचा निबंध नऊ ओळींचा, चुका मोजवत नव्हत्या. 'माझे गाव मआमीर आहे. तिथे कारखान्याचा वास येतो. पप्पा बोलतात, सवय होते. आजी फोनवर विचारते, रत्नागिरीला कधी येणार. मी बोलते, इंशाल्ला. आजीला ते कळत नाही. मग मी सांगते, म्हणजे बघू.'

मंडळाची तातडीची बैठक भरली. अध्यक्षांचा मुलगाही बाविसांतलाच, त्यामुळे त्यांना बालमानसशास्त्राची भलतीच काळजी लागली होती. "मुलांची मनं मोडतात अशाने. प्रोत्साहन द्यायला हवं."

"साहेब, कच्च्या जोडाला मी पास म्हटलं तं टाकी फुटते."

"इथे काय फुटणार आहे?"

काकांनी समोरच्या वह्यांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "इथे काहीच फुटत नाही. तेच तं."

बक्षीस तेवीस जणांत विभागून दिलं गेलं आणि काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. माणसाला काढून टाकायची आमच्याकडे हीच सभ्य रीत आहे. सत्कार आटोपल्यावर काका मला म्हणाले, "भाऊ, गाडी काढता का? मआमीरला जाऊ." तिथे त्या मुलीच्या दारात उभं राहून त्यांनी तिला सांगितलं, "तू पहिली आली होती. कागदावर काहीही असू दे." मुलगी लाजून आत पळाली. तिचा बाप मात्र काकांचा हात सोडीचना.

दोन-तीन महिन्यांनी काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते अकोल्याला परत गेले. पालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, खोटं कशाला बोलू?

यंदा नवे परीक्षक आले आहेत. अतिशय प्रेमळ गृहस्थ. तेवीसच्या तेवीस मुलांना 'उत्कृष्ट' आणि वर एक चांदणी. सईने यंदा मला जवळ फिरकूही दिलं नव्हतं, सगळा निबंध एकटीने लिहिला. वही परत आली तेव्हा तिने ती चांदणी पाहिली, मग पानं पुढून मागून, मागून पुढे उलटली.

"बाबा, डिड एनीबडी रीड इट?"

मी तिच्या हातून वही घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. ती खुर्चीच्या हाताला धरून उभी होती, आणि वहीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.