सारजाबाईंनी निवडलेली कोकरं

सारजाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते जांबे गावच्या दूध डेअरीवर. पदरात दोन कोकरं आणि हातात रिकामी बाटली. उरलंसुरलं दूध द्या म्हणत होत्या. रांगेतल्या भिकूने विचारलं, "मावशी, मेंढरांची अंगणवाडी काढली का काय?" माणसं हसली. सारजाबाई रागावल्या नाहीत, पण रांगेतून हलल्याही नाहीत.

माझं अर्धा लिटर दूध मी त्यांच्या बाटलीत ओतलं आणि त्यांच्यामागे गेलो. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, मला वेळच वेळ होता. काय घडलं ते चालता चालता कळलं.

दरवर्षी दिवाळीनंतर त्या आणि त्यांचा नवरा धुळा मेंढरं घेऊन जयसिंगरावांच्या रानात उतरायचे. मेंढरं रात्री रानात बसली की लेंड्यांचं खत होतं, बदल्यात मालक धान्य देतो. बोलावणं धाडायची पद्धत नाही. दिवस आले की यायचं. त्या वर्षी जयसिंगरावांनी रानाचे प्लॉट पाडले होते आणि गवत लवकर जळावं म्हणून तणनाशकात मीठ कालवून फवारलं होतं. खारट गवतावर मेंढरं तुटून पडली. यंदा चारा चांगला आहे असं वाटून धुळाने ती आणखी आत सोडली. जयसिंगराव रस्त्यावर उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकूण एक मेंढी गेली. तळावर जाळीच्या कुंपणात ठेवलेली एकोणीस कोकरं तेवढी राहिली. जयसिंगराव म्हणाले, "तुमाला बोलावलं कुणी व्हतं?" रविवारी गिऱ्हाईकं येणार आहेत, त्याआधी मढी उचला, असंही सांगून गेले. धुळाने खड्डा खणला, सगळी पुरली, आणि मग तो आडवा झाला तो चार दिवस उठला नाही.

आम्ही तळावर पोचलो. तिथे बांधून ठेवलेली एकच शेळी दुभती होती. सारजाबाईंनी कोकरं दोन खुंटांना वेगळी बांधली होती, एकीकडे अकरा माद्या, दुसरीकडे आठ नर. दूध फक्त माद्यांना. नर ओरडत होते. मी म्हणालो, थोडं थोडं सगळ्यांना पाजा.

"थोडं थोडं पाजलं तर समदीच मरत्याल, गुरुजी," त्या बाटलीवरची नजर न काढता म्हणाल्या. "मला कळप पायजे."

मी एक नर मागितला. न्या म्हणाल्या. घरी आणला, तो दुसऱ्या दिवशी गेला. बाकीचे सातही गेले. माझ्या कोकराचं काय झालं, हे सारजाबाईंनी मला कधी विचारलं नाही.

पौडजवळ त्यांच्या भावाचा, सिद्धनाथचा कळप होता. त्याच्या चार मेंढ्यांची पिल्लं नुकतीच दगावली होती. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही, ढुशी देते. सारजाबाई चार अशक्त माद्या पाटीत घालून चालत गेल्या. मेलेल्या पिल्लांची कातडी काढून त्यांनी आपल्या कोकरांच्या अंगावर बांधली. मेंढ्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पाजलं. अकरातल्या नऊ जगल्या.

आता त्यांच्याकडे एकतीस मेंढ्या आहेत. धुळा हिंजवडीजवळ एका सोसायटीच्या गेटवर राखणीला बसतो. कळप सारजाबाई एकट्याच चारतात.